बास्केटबॉलपटू स्टेफन मार्बरी एनबीए (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) सोडून चीनला गेला म्हणजे त्याचं करिअर संपलं होतं का?

नाही, उलट चीनमध्येच ते परत उभं राहिलं. एनबीएत तो दोनदा ऑल-स्टार (म्हणजे लीगमधल्या निवडक टॉप खेळाडूंपैकी एक) होता, पण शेवटी न्यूयॉर्क निक्समध्ये कोचशी फाटलं आणि नाव पार खराब झालं. 2010 ला शान्शीच्या टीमकडे गेला, मग फोशान, आणि 2011 ला बीजिंग डक्स, तिथं खरी मजा आली, 2012, 2014 आणि 2015 अशा तीन चॅम्पियनशिप, आणि 2012 ची तर बीजिंगची पहिलीच, म्हणून स्टेडियमबाहेर त्याचा पुतळाच उभा केला लोकांनी (निक्सवाल्यांना हे सांगून बघा!). पुढं चीनचं ग्रीन कार्डही मिळालं. फक्त एक, तिथली लीग एनबीएच्या तोडीची नाही, त्यामुळे तिथले पॉइंट्स बघून एनबीएशी तुलना करू नका.