पक दिसत नाही? मग पक बघूच नका

तुमचे प्रश्न तीन. पहिल्यांदाच आइस हॉकीचा सामना बघितला, पक कुठंय तेच कळेना, मग लोक एवढे वेडे कशापायी होतात? पुण्यात हे कुणी बघेल का? आणि दहा वर्षांची लेक स्केटिंगला जाते, तिला यात घालावं का?

मी नोकरीच्या निमित्तानं २००९ पासून तीन वर्षं ब्रॅम्प्टनला काढली, टोरांटोच्या शेजारी. पहिला अख्खा हिवाळा टीव्हीसमोर "अरे, गेला कुठं?" एवढंच म्हणत होतो. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाड, काळी रबरी चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. जोरदार फटका बसला की ताशी दीडशे किलोमीटरच्या वर सुटते. तिच्यामागे डोळे पळवले तर डोकं दुखणारच.

माझी ट्यूब पेटली ती घराजवळच्या नगरपालिकेच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर. शाळकरी पोरांचा सामना होता, तिकीट नाही, काचेला नाक लावून उभा होतो. दोन पोरं पकसाठी कोपऱ्यात येऊन अशी आदळली की समोरची काच थरथरली आणि माझी निम्मी कॉफी बाहीवर. पण खरा लक्षात राहिला तो आवाज. ब्लेड बर्फात रुतवून पोरं थांबतात तेव्हा ओला नारळ खवल्यासारखी खर्रर्र होते. टीव्हीवर समालोचनाखाली ती दबून जाते.

त्या दिवशी पक सोडून माणसं बघायला लागलो. गोलकीपर धरून एका बाजूचे सहा जण. गोलकीपर सोडला तर बाकीचे जेमतेम पाऊण मिनिट जीव खाऊन पळतात आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून आत जातात. दुसरे पाच उडी मारून बाहेर. शिट्टी नाही, पंच थांबवत नाही. ज्यानं शाळेत खो-खो खेळलाय त्याला यातली मेख लगेच कळेल. खो चुकीच्या क्षणी दिला की पळणारा निसटतो, तसंच इथं. बदली दोन सेकंद लवकर केली की मागं मैदान मोकळं, आणि समोरचा एकटा गोलकीपरवर चालून येतो. पुढच्या वेळी दहा मिनिटं फक्त कठडा बघा. गोल कुठून येणार याचा वास लागायला लागतो.

दुसरी गंमत शिक्षेची. आडवी काठी घातली, पाय अडकवला की दोन मिनिटं बाहेर. आता पाचांसमोर चार. कबड्डीत तीनच गडी उरलेत आणि त्यांनी चढाईवाल्याला दाबलं की आपण खुर्चीतून उठतो ना, तेच. चार जण अंगावर पक झेलत दोन मिनिटं काढतात तेव्हा प्रेक्षक गोलाला मिळतील तशा टाळ्या देतात. मारामारीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी खाली प्रतिक्रियांत विचारणारच: एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक लीगमध्ये ती होते, पाच मिनिटांची शिक्षाही होते, आणि मला ती कंटाळवाणी वाटते.

आईचं सांगायचं राहिलं. ती दोन महिने आली होती, तिला खेळात काडीचा रस नाही. मधल्या सुट्टीत झांबोनी नावाचं यंत्र येतं, खरवडलेला बर्फ उचलतं आणि मागं गरम पाण्याचा पातळ थर सोडत जातं. ते बघून म्हणाली, "अगंबाई, सारवतायत की!" मग दर सामन्याला सारवणाच्या वेळी तिला हाक मारायची, असा नेम झाला. तिसऱ्या आठवड्यात ती सारवण संपल्यावरही बसून राहिली.

आता पुण्यात कोण बघणार हा प्रश्न. या खेळाला नवे प्रेक्षक मिळवायचे प्रयत्न बरेच झालेत. १९९६ साली फॉक्स वाहिनीनं पकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स बसवून पडद्यावर त्याच्याभोवती निळी झाक दाखवली, जोरात मारला की मागं लाल शेपूट. जुने प्रेक्षक चिडले, दोनेक वर्षांत प्रकार बंद. याउलट १९८८ मध्ये या खेळाचा सगळ्यात मोठा तारा वेन ग्रेट्स्की कॅनडातलं एडमंटन सोडून लॉस एंजेलिसला गेला आणि जिथं बर्फ फक्त सरबतात दिसतो तिथं पोरं काठ्या घेऊन फिरू लागली. पुढच्या पाच वर्षांत सॅन होजे, टँपा, अॅनाहाइम, डॅलस अशा उबदार गावांत संघ उभे राहिले.

पण माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं ते वेगळं. कॅनडात २००८ पासून शनिवारच्या सामन्यांचं पंजाबीत समालोचन सुरू झालं. शेजारच्या ट्रकवाल्याचे वडील जालंधरचे, इंग्रजीचा गंध नाही, पण शनिवारी टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे. पकला 'टिक्की', स्लॅप शॉटला, म्हणजे काठी उगारून मारलेल्या जोरदार फटक्याला, 'चपेड शॉट'. आलू टिक्की आणि थोबाडीत, दोन्ही त्यांच्या घरचेच शब्द. समजावून सांगायची गरजच नाही. २०१६ च्या स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पिट्सबर्गच्या निक बोनिनोनं गोल केला तेव्हा पंजाबी समालोचक हरनारायण सिंग यांनी "बोनिनो, बोनिनो, बोनिनो" असा जो गजर लावला, तो पंजाबीचं अक्षरही न कळणाऱ्यांनी पुन्हापुन्हा ऐकला. संघ जिंकल्यावर पिट्सबर्गनं त्या समालोचकांना विजयोत्सवाला बोलावून घेतलं.

म्हणून माझं म्हणणं, पक चमकवू नका, सांगणारा आपला आणा. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा पुण्याला कबड्डी काय नवीन होती? नियम थोडे घट्ट केले, दिवे-कॅमेरे बदलले, आणि ज्यांनी आयुष्यात मैदानात पाय ठेवला नव्हता ते पुणेरी पलटणसाठी भांडू लागले. आइस हॉकीचं मराठी समालोचन मला अगदी डोळ्यांसमोर दिसतं. बॉडी चेकला 'धडक' आहेच. शिक्षा झालेला खेळाडू बसतो त्या पेनल्टी बॉक्सला 'वर्गाबाहेर' म्हणा, अख्ख्या महाराष्ट्राला कळेल.

सुरुवात एनएचएलनं करायचीही गरज नाही. तिथले शनिवार संध्याकाळी सातचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला लागतात; त्या वेळी पर्वती चढणारे जागे असतात, बाकीचे नाही. आपल्याच देशात लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ चालतो. तिथल्याच मुलींच्या जोरावर भारताच्या महिला संघानं २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, आणि २०२५ मध्ये आशिया कपचं कांस्यपदक आणलं. दर जूनला निम्मं कोथरूड बुलेटवर लेहला जातं. एकदा जानेवारीत जाऊन बघा, मात्र विमानानं.

पुण्यात बर्फाचं रिंक व्हावं असं खाली एकानं लिहिलंय. मला घाई वाटते. बर्फाचा थर इंच-सव्वा इंचाचा, पण त्याखालच्या नळ्यांतून थंड द्रव फिरवत ठेवायचं बिल बाराही महिने येतं. डेहराडूनचं रिंक २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभं राहिलं आणि पुढं वर्षानुवर्षं बंद पडून होतं; पुन्हा सुरू व्हायला २०२५ उजाडलं. आधी चाकांवर खेळणारी पोरं हवीत.

आणि लेकीचं. घाला. ती आत्ता चार चाकांचे क्वाड घालत असेल तर इनलाइनवर न्या, एका ओळीत चाकं असलेले. बर्फावरच्या ब्लेडशी तोल जास्त जुळतो. जुळत नाही ते थांबणं. बर्फावर पाय आडवा करून खरवडत थांबता येतं, चाकांवर तो प्रयोग केला तर गुडघे फुटतील. हेल्मेट आणि कोपर-गुडघ्याचे पॅड पहिल्या दिवसापासून. आणि वाढतं वय म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका. आपण शाळेचे बूट तसे घेतो, पण स्केटमध्ये पाय हलला की घोटा डुगडुगतो आणि पोर महिन्याभरात कंटाळतं. चालतील तर मापाचे वापरलेले घ्या, फक्त चाकं एका बाजूनं झिजलेली नाहीत ना ते बघून.