मिल्कव्हेच माळावर पेरावं का?

पाटोद्याच्या दादांचा प्रश्न असा : ऑनलाइन ‘जंगली मिल्कव्हेच’चं बी मिळतंय, ते खाल्लं की जनावर जास्त दूध देतं म्हणतात, पाऊण एकर मुरमाड माळ पडीक आहे, मृगावर पेरू का?

दादा, आत्ता पेरू नका.

आधी नावाचं बघा. हे खाल्लं की शेळीला दूध वाढतं असा युरोपात जुना समज होता, त्यावरून हे नाव पडलं. समजच तो. आपल्या उस्मानाबादी शेळीला वाटीभर मक्याचा भरडा त्याहून जास्त लागू पडेल.

खरी अडचण वेगळीच आहे. मिल्कव्हेच हे काही एका झाडाचं नाव नाही. ॲस्ट्रागॅलस या प्रजातीत सुमारे ३००० जाती आहेत, सगळ्या हरभरा-तुरीच्या कुळातल्या. भारतात त्या मुख्यतः हिमालयात, लडाखच्या बाजूला. इराण-तुर्कस्तानातल्या काटेरी जातींच्या मुळाला चीर दिली की जो डिंक येतो, तो खरा गोंद कतीरा (आपल्याकडे त्याच नावानं पुष्कळदा कांडोळाचा डिंक विकतात, ते असो). चीनमधल्या एका जातीचं मूळ औषधात जातं, तर दुसरी जात भाताच्या खाचरात हिरवळीचं खत म्हणून गाडतात, आपण ताग गाडतो तशी. आणि अमेरिकेतल्या काही जातींना लोक ‘लोकोवीड’ म्हणतात, म्हणजे वेडं गवत. त्या झाडाच्या आत वाढणारी एक बुरशी विष तयार करते. काही आठवडे ते पोटात गेलं की घोडी, गाई, मेंढ्या झोकांड्या खातात, गाभ टाकतात. काही जाती जमिनीतलं सेलेनियम इतकं ओढून घेतात की पाल्यातूनच विषबाधा होते. म्हणून पाकिटावर नुसतं ‘जंगली मिल्कव्हेच’ लिहिलं असेल तर आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल.

चाऱ्यासाठी मुद्दाम लावतात ती जात ॲस्ट्रागॅलस सायसर. सायसर म्हणजे लॅटिनमध्ये हरभरा. हिच्या शेंगाही घाट्यासारख्या फुगीर, वाळल्यावर काळ्या पडतात. फुलं फिकट पिवळी, जमिनीखालून खोड पसरतं, वर्षानुवर्षं टिकते. गुण मोठा : कोवळ्या लसूणघासानं होते तशी पोटफुगी हिच्यानं होत नाही. पण ती थंड मुलखातली. बी इतकं टणक की टरफल खरवडल्याशिवाय पाणी आत शिरत नाही, आणि उगवल्यावरही पहिल्या वर्षी रखडतच वाढते. शिवाय तिला तिचंच रायझोबियम (मुळांच्या गाठीत राहून हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू) लागतं. सोयाबीनचं पाकीट चोळून भागत नाही.

मी हौसेनं दोन कुंड्यांत लावून पाहिली. दिवाळीनंतर एका कुंडीत पॉलिश पेपरवर घासलेलं बी, दुसरीत तसंच. घासलेलं बरं उगवलं, न घासलेल्यातून तीनच कोंब आले. थंडीत पाला छान होता. एप्रिलात मात्र रोज पाणी देऊनही माना टाकल्या. बालाघाटाच्या उघड्या माळावर, मे महिन्यात, बिनपाण्याचं तिचं काय होईल ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या माळाला मी स्टायलो (हमाटा) सुचवेन. तेही द्विदलच, पण उष्ण मुलखातलं. एकरी तीन-चार किलो बी, म्हणजे तुम्हाला तीन किलो पुरे. साधारण ८० अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात काढा आणि सावलीत सुकवा. पाणी उकळतं नको, बी शिजतं. पाऊस झाला की वरवर फोका, खोल पुरू नका. पहिल्या वर्षी शेरडं आत सोडू नका, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. दशरथ घास शेळ्यांना उत्तम, पण त्याला पाणी हवं. विहिरीजवळ चार ओळी असतील तर लावा.

‘जंगली’ द्विदलच पाहायचं असेल तर बांधावरची उन्हाळी बघा, जिला वैद्य शरपुंखा म्हणतात. जांभळी फुलं, चपट्या शेंगा, आणि मूळ उपटताना कंबर दुखते इतकं खोल. तिची पानटिकली टोकाला धरून ओढली की सरळ न तुटता बाणाच्या पिसासारखी तुटते. शेरडं कोवळा शेंडा खुडतात, तेवढं ठीक. तिच्यात मासे गुंगवणारं द्रव्य असतं, म्हणून कापून दावणीत टाकू नका.

बी आधीच मागवलं असेल तर पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो टाका. ॲस्ट्रागॅलसच्या पुढचा दुसरा शब्द दिसला पाहिजे. तो छापलेलाच नसेल तर बी परत करा.