एकाच घरातील दोन कुत्र्यांची भांडणे

प्रश्न : आमच्याकडे सहा वर्षांची लॅब्राडोर कुत्री आहे. रस्त्यावरून आणलेले देशी पिल्लू, तीही मादीच, तिच्या अंगावर खेळूनच मोठे झाले आणि आता दोन वर्षांचे आहे. अलीकडे मात्र दोघींची कडाक्याची भांडणे होतात, तीही बहुधा संध्याकाळी माझे यजमान कामावरून आल्यावर दारातच. परवा थोरलीच्या कानाला टाके पडले. सासूबाई म्हणतात, एकदा मनसोक्त भांडू द्या, मोठी कोण हे ठरले की शांत होतील. हे खरे आहे का, की धाकटीला दुसरीकडे द्यावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाईंचा अनुभव मोठा असला, तरी हा सल्ला कृपया मानू नका. प्रत्येक भांडणागणिक दोघींना एकमेकींची धास्ती वाटू लागते आणि पुढचे भांडण अधिक क्षुल्लक कारणावरून जुंपते. त्यातही दोन माद्यांमधील भांडणे बहुधा जास्त चिवट ठरतात. कुत्री साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान वृत्तीने प्रौढ होतात, त्यामुळे पिल्लू असताना खपून गेलेल्या गोष्टी आता खपत नाहीत.

आधी थोरलीला पशुवैद्याकडून नीट तपासून घ्या. लॅब्राडोरमध्ये कंबरेच्या आणि कोपराच्या सांध्यांचा त्रास वारंवार आढळतो, आणि सांधा दुखत असलेले कुत्रे नुसता धक्का लागला तरी अंगावर धावून जाते.

आता दाराकडे पाहू. घंटा वाजते, दोघी एकाच अरुंद जागेत धावतात, उत्साह शिगेला पोहोचलेला असतो आणि दोघींना हवा असलेला माणूस एकच असतो. नीट पाहिलेत तर दात लागण्याच्या काही क्षण आधी एकीचे अंग ताठ होते, तोंड मिटते आणि नजर दुसरीवर खिळते. म्हणून यजमानांनी येण्यापूर्वी फोन करावा, धाकटीला चघळायला काही देऊन आतल्या खोलीत ठेवावे, आणि त्यांनी आल्यावर आधी एकीला, ती शांत झाल्यावर दुसरीला, वेगवेगळे भेटावे. जेवणही बंद दाराआड स्वतंत्र द्या. गुरगुरल्याबद्दल मात्र कधीही रागावू नका. ती पूर्वसूचना दडपली गेली, तर कुत्रे पुढच्या वेळी न गुरगुरताच चावते.

तरीही जुंपलेच, तर मध्ये हात घालू नका आणि गळ्यातला पट्टाही धरू नका. पाणी ओता, जाड चादर टाका किंवा मध्ये खुर्ची सरकवा. कोणाला दात लागलाच, तर कुत्रीचे लसीकरण झालेले असले तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

काही आठवडे भांडणाविना गेले की दोघांनी दोघींना वेगवेगळ्या दोरीने, परस्परांपासून अंतर राखून, एकाच दिशेने फिरायला न्यावे आणि अंतर हळूहळू कमी करावे. घरातील भेटीगाठी त्यानंतर, दोरी बांधूनच. खाऊ देत देत दोघींना जाळीदार मुसक्याची सवय लावलीत तर हा टप्पा बराच सुरक्षित होईल. मुसके मात्र तोंड उघडून धापा टाकता येतील एवढे सैल हवे. नसबंदीने भांडणे थांबतीलच असे नाही. ती माजाच्या काळातच होत असतील, तर तिचा उपयोग होण्याची शक्यता अधिक.

धाकटीला देण्याचा निर्णय एवढ्यात घेऊ नका. परंतु काही महिने हे सारे काटेकोरपणे पाळूनही जखमा खोल होत राहिल्या, किंवा घरात लहान मूल असेल, तर दुसरे कुत्रे नसलेले प्रेमळ घर तिच्यासाठी शोधणे हा निर्दयपणा नव्हे. त्या घराला भांडणांचा पूर्वेतिहास अगोदर स्पष्ट सांगावा.