कासव काढायचं, पण कुठलं?

(वाचकांचे प्रश्न, चित्रकला शिक्षिकेची उत्तरं)

प्रश्न : आमच्या मंडळाने यंदा 'कोकणातली समुद्री कासवं' हा देखावा ठरवला आहे. मोबाइलवर चित्रं शोधली तर प्रत्येकात कासव निराळंच दिसतं. मूर्तिकार म्हणतो, कासव म्हणजे कासव, कोणाला कळणार आहे? तुम्ही किनाऱ्यावर बसून चित्रं काढता असं वाचलं. नेमकं कसं करावं? आणि थर्माकोल चालेल का?
— मंडळाचे कार्यकर्ते, सांगली जिल्हा

उत्तर : थर्माकोलचं आधी सांगते. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. बंदी नसती तरी कासवाच्या देखाव्यात तो नकोच. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करा, त्यावर सुतळी गुंडाळा आणि वर कागदाच्या लगद्याचे थर द्या. कवचाचा उंचवटा लगद्यातून फार छान येतो.

मूर्तिकारांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, कळतं. कोकण किनाऱ्यावरच्या वेळास, आंजर्ले, गुहागर इथली पाचवीतली पोरं देखावा पाहायला आली तर पहिल्यांदा पाय बघतील. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात ती बहुतेक सगळी ऑलिव्ह रिडले या जातीची. तिला बोटं असलेले पाय नसतात, वल्ही असतात. पुढची लांब, मागची आखूड. मान आत ओढून घेता येत नाही, त्यामुळे डोकं कायम बाहेर. कवच जवळजवळ बदामी आकाराचं, साधारण दोन-सव्वादोन फूट लांब, रंग राखाडीकडे झुकणारा शेवाळी. बाजारातला चकचकीत पोपटी रंग अजिबात नको.

आता पाठीवरचे खवले. चित्रकाराची खरी परीक्षा इथे आहे. मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना जे मोठे खवले असतात, ते हिरव्या समुद्री कासवात चार-चार असतात. रिडलेत पाचाहून जास्त, बहुधा सहा ते आठ, आणि पुष्कळदा डावीकडे एक आकडा तर उजवीकडे दुसरा. आपला हात सवयीने दोन्ही बाजू सारख्या करायला जातो. करू देऊ नका. डावीकडे सहा, उजवीकडे सात असं मुद्दाम काढा. जाणकार माणूस तिथे थबकेल आणि न जाणणारा विचारेल. तुमच्या कार्यकर्त्याला बोलायला तेवढं निमित्त पुरे.

मादी अंडी घालते तो प्रसंग करायचा असेल, तर मी लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात, तिच्या मागच्या बाजूला बसून पाहिलं ते सांगते. मागच्या वल्ह्यांनी ती आळीपाळीने वाळू उपसते. वल्ह्याचं टोक वळवून मूठभर वाळू वर आणायची, बाजूला टाकायची, मग दुसरं वल्हं आत. खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद होतो, आणि हे सगळं ती एकदाही मागे वळून न बघता करते. शंभर-सव्वाशे अंडी घातल्यावर वाळू लोटते आणि मग सगळं अंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आपटून ती दाबते. धप्, धप् असा आवाज येतो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. ते रडणं नव्हे, अंगातलं जास्तीचं मीठ तशाच वाटेने बाहेर पडतं. पण डोळ्याखाली वाळू चिकटून तयार झालेला तो ओला पट्टा देखाव्यात जरूर दाखवा.

देखाव्यात माणूसही हवा. वेळासला पूर्वी अंडी उकरून नेली जात. उरलेली कोल्ही-कुत्री खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे काम सुरू केलं. गावकरी पहाटे किनारा चालू लागले, वल्ह्यांच्या खुणांवरून घरटं शोधून अंडी कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवू लागले. २००६ पासून कासव महोत्सव भरतो, वन विभागही सोबत आहे, आणि पाहुण्यांची जेवणा-राहण्याची सोय गावातल्या घरांतून होते. म्हणून कंबरेत वाकून ठसे बघणारा एक कासवमित्र करा. कासवाइतकाच तो महत्त्वाचा आहे.

मागच्या पडद्यावर भारताचा नकाशा रंगवता येईल. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या वल्ह्याला टॅग, म्हणजे क्रमांकाची ओळखपट्टी, लावला होता, अशी एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. ओडिशापासून खाली दक्षिणेला वळसा घालून गुहागरपर्यंत एक रेघ ओढा. लोक उभे राहून बघतील.

आणि कळकळीची विनंती, हॅलोजन नको. पिल्लं वाळूतून वर आली की जिकडे उजळ दिसेल तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. बंगल्याचे, हॉटेलचे दिवे असले की पिल्लं उलट्या दिशेने निघतात. मंडप काळोखा ठेवा आणि फक्त समुद्राची कड फिकट निळी उजळा. प्रकाशयोजनेतूनच निम्मी गोष्ट सांगून होईल.

प्रश्न : लहानपणापासून अभंगांत ऐकत आले की कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. हे खरं आहे का? आणि देवळात देवासमोर कासव का असतं?
— एक आजी, पंढरपूर

उत्तर : आजी, संतांनी ही उपमा किती मायेने वापरली आहे! देव दूर असला तरी त्याची दृष्टी भक्तावर आहे, हे सांगायला याहून सुंदर चित्र मला तरी माहीत नाही. प्रत्यक्षात मात्र समुद्री कासवी अंडी झाकते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती जवळ नसते. आईचं काम वाळूची ऊब करते. पंचेचाळीस ते साठ दिवस अंडी त्या उबेवर राहतात, आणि वाळू किती तापली यावर नर होणार की मादी हेही ठरतं. जास्त तापली की माद्या. म्हणून वाढत्या उन्हाची काळजी आम्हा सगळ्यांना लागून राहिली आहे. अभंग म्हणताना तुम्ही अर्थ बदलू नका. नजर ठेवण्याचं काम आता गावातली माणसं करतात, एवढंच मनात असू द्या.

देवळातल्या कासवाविषयी गीतेचा दुसरा अध्याय आठवा. कासव अवयव आत घेतं तसा स्थितप्रज्ञ विषयांपासून इंद्रिये आवरून घेतो. देवासमोर जाताना हेच करायचं. शिवाय विष्णूचा कूर्मावतार आहेच. मी पाहिलेल्या दगडी कासवांना बहुधा नख्यांचे चार पाय असतात, म्हणजे शिल्पकारांसमोर नदीचं किंवा जमिनीवरचं कासव होतं. ते बरोबरच आहे, समुद्री कासवाला अवयव आत घेता येतच नाहीत. जेजुरीला गेलात तर गडावरचं पितळी पत्र्याने मढवलेलं मोठं कासव भंडाऱ्याखालून नीट बघा.

देवळाच्या श्रद्धेने जिवंत कासवंही वाचली आहेत. आसाममध्ये गुवाहाटीजवळ हाजो इथे हयग्रीव माधवाचं मंदिर आहे. त्याच्या तळ्यात मऊ पाठीची काळी कासवं आहेत. ही जात जंगलातून नामशेष झाली असं २००२ मध्ये जाहीर झालं होतं. तळ्यातल्या कासवांना भाविक विष्णूचं रूप मानतात, म्हणून कोणी त्यांना हात लावला नव्हता. पुढे अभ्यासकांनी देवस्थानाला सोबत घेऊन तिथली अंडी उबवली आणि २०१९ मध्ये पिल्लं मोकळ्या पाण्यात सोडली. ही गोष्ट मला विलक्षण आवडते. तिथल्या लोकांनी कासवाच्या मूर्तीला हात जोडले आणि पाण्यातल्या कासवालाही सांभाळलं.

प्रश्न : वास्तुशांतीला कोणीतरी पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं जिवंत कासव भेट दिलं. शुभ असतं म्हणतात. मुलगी रोज त्याचं चित्र काढते. ठेवलं तर चालेल ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, ठेवू नका. ते चांदणी कासव आहे. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, त्यामुळे ते पाळणं, विकणं, भेट देणं, सगळाच गुन्हा. तुमच्याकडे आलं त्याआधी ते कोणीतरी माळरानातून उचललं, आणि वाटेत अशी किती मरतात ते विचारू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि खरं ते सांगा. परस्पर कुठे सोडू मात्र नका. विहिरीत किंवा देवळाच्या तळ्यात तर नाहीच. ते कोरड्या जमिनीवरचं कासव आहे, पाण्यात बुडून मरेल.

मुलीला वाईट वाटेल. ते न्यायला माणसं येईपर्यंत तिला शांतपणे चित्र काढू द्या. प्रत्येक उंचवट्याच्या मधल्या पिवळ्या ठिपक्यातून रेघा बाहेर कशा फुटतात आणि शेजारच्या खवल्यातल्या रेघांना कशा भिडतात, ते तिला नीट पाहायला सांगा. चित्र पूर्ण झालं की माझ्याकडे पाठवा. पुढच्या अंकात छापू.