आधी नावं वाच

प्रिय बाळ,

तुझं ९ डिसेंबरचं भाषण वाचलं. सोबतची चिठ्ठीही वाचली. भारतीय नौदलाच्या ‘खुकरी’ या युद्धनौकेचा आणि गोव्याचा संबंध काय, असं वर्गातली मुलं विचारतात म्हणे. त्यांना सांग, १९७१ साली गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता आणि त्या वर्षीच्या युद्धात ९ डिसेंबरला जहाज दीवच्या समुद्रात बुडालं. नसतं बुडालं तिथे, तरी काय फरक पडला असता गं?

तुझा खरा गोंधळ वेगळाच आहे. जहाजावर सोनारचा, म्हणजे ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रणेचा, प्रयोग चालू होता, त्यापायी वेग कमी ठेवला होता आणि पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीचं त्यामुळे फावलं, हे श्रद्धांजलीत बोलावं का? खुशाल बोल. त्यात गेलेल्यांचा काही अपमान नाही. पण आधी नावं वाच.

जहाजाचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यावर दीड पान लिहिलंस. स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन ते जहाजाबरोबर गेले, मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. हे लिहायलाच हवं. मात्र बाकीच्यांची बोळवण ‘इतर वीर जवान’ एवढ्यावर? १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक होते ते. काही मिनिटांत जहाज गेलं. खालच्या डेकवरच्या कित्येकांना शिडीही गाठता आली नाही. नावं वाच त्यांची.

वेळेचं कारण मला सांगू नकोस. दहा-बारा मिनिटं लागतात, घड्याळ लावून बघ. एका कार्यक्रमात आयोजकांनी ऐन वेळी यादी गाळली, पाहुण्यांना विमान गाठायचं होतं म्हणून. खुर्च्या आवरायला लागले तरी एक बाई जागच्या हलेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत मला म्हणाल्या, “भावाचं नाव अजून आलं नाही.” त्यांच्या घरी देह आला नव्हता, दहाव्याला अस्थीही नव्हत्या. त्या एवढ्या लांबून ते एक नाव ऐकायला आल्या होत्या.

मी ती आयोजन समिती सोडली. लोक मला हेकट म्हणतात. म्हणोत. त्या बाईंना पुन्हा कधी भेटता आलं नाही, ही रुखरुख मात्र जात नाही.

आणि अंजदीव बेट तर आपल्या अंगणातलं. १९६१ साली गोवा मुक्तीच्या कारवाईत तिथे नौदलाचे सात जण पडले. सातच! त्यांतलं एक तरी नाव तुला येतं का? ती सातही पाठ कर. १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, लागतील.

‘खुकरी’च्या यादीत देशभरातली नावं आहेत. मल्याळी, तमिळ, पंजाबी उच्चार आपल्या जिभेवर बसत नाहीत. वास्कोत नौदलाची कुटुंबं आहेत, त्यांच्याकडून म्हणवून घे. रविवारी यादी घेऊन ये, आपण दोघं मोठ्याने वाचू. भाषणाचं नंतर बघू.

तुझे सर