‘किरकोळ सुधारणा’ लिहून भागत नाही

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. सीएसव्ही फायली (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले तक्ते) वाचणारी एक छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) तुम्ही एकहाती सांभाळता. १.४.१ नंतर १.४.२ काढलं, चेंजलॉगमध्ये (आवृत्तीत काय बदललं त्याच्या यादीत) ‘किरकोळ सुधारणा’ एवढंच लिहिलं, आणि लगेच इश्यूंचा (तक्रारींच्या नोंदींचा) पाऊस पडला. कारण रिकाम्या रकान्यासाठी आधी रिकामी स्ट्रिंग मिळायची, तिथं आता नल (‘किंमतच नाही’ अशी खूण) मिळतं. तुमचं म्हणणं, डॉक्युमेंटेशनमध्ये पहिल्यापासून नलच लिहिलं होतं, म्हणजे मी बग दुरुस्त केला, मग लोक का चिडले? शिवाय प्रत्येक बदलाची दवंडी पिटायची का, आणि या सगळ्याला वेळ आणायचा कुठून?

नमनाला घडाभर तेल नको, आधी चालू भानगड निस्तरू. १.४.३ काढा आणि त्यात जुनं वागणं जसंच्या तसं परत आणा. ज्यांना नल हवं त्यांच्यासाठी एक ऑप्शन ठेवा, आणि नल हेच डिफॉल्ट करायचं असेल तर ते २.० मध्ये करा. १.४.२ एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून) काढून टाकायचा मोह होईल, तो आवरा. कुणाच्या तरी लॉकफाईलमध्ये (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या टिपून ठेवणाऱ्या फाईलमध्ये) तो आकडा आता नोंदला गेलाय, आणि तुम्ही पॅकेज उडवलंत तर त्याचा बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्रॅम बांधणं) दुसऱ्यांदा मोडेल. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं, तर बेबलसारख्या मोठ्या प्रोजेक्टांचे बिल्ड बंद पडले होते. त्यानंतर एनपीएमनं पॅकेज मागं घेण्याचे नियमच कडक केले. तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे १.४.२ ‘डेप्रिकेट’ करणं, म्हणजे न काढता त्यावर ‘हे वापरू नका’ अशी खूण लावणं. इन्स्टॉल करणाऱ्याला टर्मिनलवर इशारा दिसतो आणि त्या इशाऱ्याचा मजकूर तुमच्या हातात असतो, तिथं ‘१.४.३ वापरा’ असं स्पष्ट लिहा. पायथनवाल्यांकडे यासाठी ‘यँक’ची सोय आहे, तिथं नेमका तोच आकडा मागितल्याशिवाय पिप (पायथनचं पॅकेज बसवायचं साधन) ती आवृत्ती उचलत नाही.

यात संकोच वाटून घ्यायचं कारण नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसएवढा शिस्तीचा प्रोजेक्ट विरळा, त्यांच्या छोट्या आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये ठरल्याप्रमाणे येतात. तरी १४ नोव्हेंबर २०२४ ला १७.१ आलं आणि त्यातल्या एका अंतर्गत स्ट्रक्चरच्या बदलामुळे काही एक्स्टेन्शन्स (वरून जोडायचे भाग) अडचणीत येतील असं दिसलं, तेव्हा वेळापत्रक बाजूला ठेवून २१ तारखेला त्यांनी १७.२ काढलं. कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. चूक कबूल करून आठवड्यात निस्तरली की लोक उलट जास्त भरवसा ठेवतात.

आता लोक का चिडले ते. घोडं इथंच पेंड खातं. तुम्ही आवृत्तीच्या आकड्याकडे स्वतःच्या कामाची नोंद म्हणून बघता, वापरणारा त्याच्याकडे वचन म्हणून बघतो. सिमँटिक व्हर्जनिंगचं गणित तुम्हाला माहीत असेलच: शेवटचा आकडा वाढला तर फक्त दुरुस्ती, मधला वाढला तर नवं काही आलं पण जुनं शाबूत, पहिला वाढला तर काहीतरी मोडणार. हे वचन माणसांच्या आधी मशीन वाचतं, ही गोष्ट बरेच मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) विसरतात. एनपीएम इन्स्टॉल करताना पॅकेज फाईलमध्ये आकड्याच्या आधी आपोआप कॅरेट (^) लागतं, म्हणजे ‘१.४.१ किंवा त्यापुढचं १.x मधलं काहीही चालेल’. ज्यांच्याकडे लॉकफाईल नव्हती किंवा जी ताजी झाली, त्यांच्या बिल्डमध्ये १.४.२ कुणीही काहीही न वाचता जाऊन बसलं. तुमचा चेंजलॉग कितीही सुरेख असता तरी तो उघडायची वेळ रिपोर्ट चुकल्यावरच आली असती.

डॉक्युमेंटेशन काय म्हणतं याला मी दुय्यम मान देतो. तोच इनपुट दिल्यावर आउटपुट बदलत असेल, आणि तेही एरर न येता गुपचूप, तर तो मोडणारा बदल. मग कागदोपत्री तुमची बाजू कितीही भक्कम असो. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) हाच नियम टोकाला नेलाय: वापरकर्त्याचा चालता प्रोग्रॅम कर्नलच्या बदलानं बंद पडला तर दोष कर्नलचा, प्रोग्रॅम चुकीच्या समजुतीवर उभा होता ही सबब चालत नाही. छोट्या लायब्ररीला इतकं कडक राहणं नेहमी झेपेल असं नाही, पण शंका आली की मधला किंवा पहिला आकडा वाढवा. आकडे फुकट आहेत. आणि हो, वर्षानुवर्षं ०.x वर बसून ‘आम्ही अजून स्थिर नाही’ म्हणणाऱ्यांचं मला कौतुक नाही. शेकडो लोक प्रॉडक्शनमध्ये वापरत असतील तर १.० होऊन गेलंय, तुम्ही जाहीर केलेलं नाही एवढंच.

चेंजलॉगकडे वळू. वाचणाऱ्याला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: आत्ता अपडेट करू की थांबू, आणि केलं तर माझं काय मोडेल. प्रत्येक ओळ या कसोटीवर घासून बघा. तुमच्याच बदलाचं उदाहरण घेऊ. कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) तुम्ही लिहिलं होतं, ‘सेल पार्सर रिफॅक्टर, एम्प्टी व्हॅल्यू हँडलिंग फिक्स’. हे तुमच्या बाजूनं लिहिलेलं वाक्य आहे. वापरणाऱ्याच्या बाजूनं ते असं होईल: ‘रिकाम्या रकान्यासाठी आता रिकाम्या स्ट्रिंगऐवजी नल मिळेल. मिळालेल्या किमतीवर थेट ट्रिम किंवा लेंग्थ वापरत असाल तर कोड एरर देईल. जुनं वागणं हवं असल्यास रिकामा-रकाना ऑप्शन स्ट्रिंगवर ठेवा.’ तीन वाक्यं. काय बदललं, कुणाला लागेल, वाट काय. पार्सर रिफॅक्टर झाला (आतला कोड नव्यानं मांडला) हे त्यात नाही, कारण ते जाणून वाचणाऱ्याला काही करायचं नाही.

गिट लॉग (सगळ्या कमिटची यादी) जसाच्या तसा ओतून त्याला चेंजलॉग म्हणणारे खूप आहेत. त्यापेक्षा न लिहिलेलं बरं. ‘टायपो’, ‘पुन्हा टायपो’, ‘लिंट’ अशा ओळींच्या ढिगात ती एक महत्त्वाची ओळ हरवते आणि वाचणारा पुढच्या वेळी उघडायचंच सोडून देतो. ‘कीप अ चेंजलॉग’ या नावानं एक साधा संकेत रूढ आहे, तो उचला: नवं, बदललेलं, लवकरच जाणारं, काढलेलं, दुरुस्त केलेलं आणि सुरक्षा असे सहा मथळे, आणि सगळ्यात वर ‘अनरिलीज्ड’ असा एक भाग. मी त्यात एवढाच फेरफार करतो की मोडणारे बदल आणि सुरक्षा कायम वर, बाकी क्रम कसाही.

यातली खरी युक्ती वेळेची आहे. ओळ पुल रिक्वेस्टबरोबरच (बदल मूळ कोडमध्ये घ्यायच्या विनंतीबरोबरच) लिहायची, रिलीजच्या दिवशी नाही. बदल डोक्यात ताजा असतो तेव्हा ती पटकन लिहून होते, तीन महिन्यांनी तीच ओळ आठवायला डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) उघडून बसावं लागतं आणि मग ‘किरकोळ सुधारणा’ जन्माला येते. एकाहून जास्त लोक काम करत असतील तर चेंजलॉगच्या एकाच फाईलवर सतत मर्ज कॉन्फ्लिक्ट येतात (एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलावर आदळतो), म्हणून प्रत्येक बदलाची वेगळी छोटी फाईल ठेवणारी साधनं निघाली. जावास्क्रिप्टमध्ये चेंजसेट्स, पायथनमध्ये टाउनक्रायर (पायटेस्ट आणि पिप हेच वापरतात). रिलीजच्या वेळी ती सगळं एकत्र करून देतात.

दवंडी किती पिटायची? पॅच रिलीजसाठी अजिबात नाही. चेंजलॉग आणि गिटहबचं रिलीज पान, बस. ज्यांना हवं ते फक्त रिलीजच्या सूचना चालू करून ठेवतात. जाहीर सांगायच्या गोष्टी दोनच: पहिला आकडा वाढणं आणि सुरक्षेची दुरुस्ती. सगळा मजकूर एकाच ठिकाणी ठेवा आणि बाकीकडे फक्त तिथली लिंक द्या. चार ठिकाणी चार मजकूर लिहिलेत तर एकात दुरुस्ती कराल आणि तीन तसेच राहतील.

२.० साठी मात्र थोडी पूर्वतयारी लागेल. आधी १.५ मध्ये इशारा द्या की हे डिफॉल्ट बदलणार आहे. पण केवळ इशाऱ्यांवर विसंबू नका. पायथनमध्ये डेप्रिकेशनचा इशारा लायब्ररीच्या आतून आला तर डिफॉल्ट सेटिंगमध्ये दिसतही नाही, आणि जिथं दिसतो तिथं लॉगच्या महापुरात वाहून जातो. लोकांना पुरेसा वेळ दिला म्हणजे ते बदलतीलच असंही नाही. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं, पायथन २ चा पाठिंबा २०१५ मध्ये थांबणार होता, तो २०२० पर्यंत लांबवावा लागला. म्हणून मी सर्वात जास्त मेहनत एरर मेसेजवर घेतो. ज्यानं रिलीज नोट्स उघडल्याच नाहीत, इशारे दाबून टाकले, त्यालाही काहीतरी फुटल्यावर एरर वाचावाच लागतो. ‘हा ऑप्शन २.० मध्ये काढला, त्याऐवजी हे वापरा, तपशील इथे’ असं त्यातच लिहा. तुमचे निम्मे इश्यू उघडलेच जाणार नाहीत.

एनपीएमची एक खोच सांगून ठेवतो. २.० चा बीटा पब्लिश करताना ‘नेक्स्ट’सारखा टॅग स्वतः द्या. तसाच पब्लिश केलात तर एनपीएमच्या कित्येक आवृत्त्यांमध्ये तो गुपचूप ‘लेटेस्ट’ होऊन बसतो आणि सगळ्यांच्या नव्या इन्स्टॉलमध्ये जातो. हेच उलट्या दिशेनंही होतं: २.० निघाल्यावर जुन्यांसाठी १.४.४ काढलंत, तर लेटेस्ट मागं सरकून १.४.४ होऊ शकतं. आणि बीटा काढला म्हणजे लोक तपासतील या भ्रमात राहू नका. छोट्या प्रोजेक्टचा बीटा जवळपास कुणी लावत नाही. त्यापेक्षा तुमच्यावर अवलंबून असलेले तीन-चार उघडे प्रोजेक्ट निवडा आणि नवी आवृत्ती लावून त्यांच्या टेस्ट चालवा. रस्ट भाषावाले क्रेटर नावाच्या साधनानं हेच प्रचंड प्रमाणावर करतात.

किती दिवसांनी रिलीज काढायचं याचं एक उत्तर नाही. कर्ल (नेटवरून डेटा आणायचं साधन) दर आठ आठवड्यांनी येतं, कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी, पायथन दर ऑक्टोबरला. एकहाती प्रोजेक्टला कॅलेंडर कशाला? एकच पथ्य पाळा: पुढचे दोन दिवस इश्यू बघायला मोकळे असाल तेव्हाच पब्लिश करा.

सुरक्षेच्या दुरुस्तीचं तंत्र वेगळं. रेपॉझिटरीत सिक्युरिटी फाईल ठेवून खासगीत कळवायची सोय करा, नाहीतर कुणीतरी भाबडेपणानं जाहीर इश्यू उघडेल. त्या रिलीजमध्ये ती एकच दुरुस्ती टाका, तुमचे चार हौशी बदल नकोत. लोकांना ते डोळे मिटून लावता यायला हवं. सूचनेत कोणत्या आवृत्त्यांना धोका आहे, कोणतीत दुरुस्ती आहे आणि लगेच अपडेट जमत नसेल तर तोवर काय करायचं, एवढं असलंच पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्लनं ८.४.० च्या साधारण आठवडाभर आधी नुसतं सांगितलं की गंभीर दुरुस्ती येतेय, ११ तारखेला माणसं मोकळी ठेवा. कोणत्या आवृत्त्या सापडल्यात हे मुद्दाम सांगितलं नाही, कारण त्यावरून भोक कुठं आहे ते शोधता आलं असतं. दुसरं म्हणजे ‘समस्या पूर्णपणे सुटली’ असं कधी लिहू नका. लॉगफोरजे या जावा लायब्ररीच्या २०२१ च्या सुरक्षा प्रकरणात २.१५.० नंतर त्याच डिसेंबरात २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ काढावं लागलं होतं.

राहता राहिला वेळ. रिलीजची हमाली मशीनवर टाका: गिटमध्ये आवृत्तीचा टॅग लावला की सीआयनं (ही कामं आपोआप करणाऱ्या व्यवस्थेनं) टेस्ट चालवाव्यात, पॅकेज बांधावं, पब्लिश करावं. यात वेळ वाचतोच, पण पब्लिश झालेलं पॅकेज आणि गिटमधला कोड एकच आहेत का हे बाहेरच्याला तपासताही येतं; स्वतःच्या लॅपटॉपवर बांधलेल्या पॅकेजचं ते जमत नाही. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या एक्सझेड या फायली आवळायच्या साधनातल्या मागच्या दारात (लपवलेल्या चोरवाटेत) नेमकी हीच तफावत होती. ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये (प्रसिद्ध केलेल्या कोडच्या गठ्ठ्यात) बिल्डची एक अशी फाईल होती जी गिटमध्ये नव्हतीच.

त्या प्रकरणातला दुसरा भाग तुमच्यासारख्या थकलेल्या मेंटेनरनं जास्त लक्षात ठेवावा. घुसणाऱ्यानं दोनेक वर्षं चांगले पॅचेस देऊन विश्वास कमावला, आणि त्याच काळात काही अनोळखी नावं मूळ मेंटेनरवर दबाव आणत होती की काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी हक्क द्या. म्हणून रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या ओळखीच्या फाईलमध्ये) स्वच्छ लिहा: ‘एकटा सांभाळतो, उत्तराला काही आठवडे लागू शकतात, १.x ला फक्त सुरक्षा दुरुस्त्या मिळतील आणि त्याही अमुक तारखेपर्यंत.’ तारीख लिहिली की निम्म्या तगाद्यांना उत्तर आपोआप मिळतं. मदतीला माणूस जरूर घ्या. आधी इश्यूंची छाननी त्याच्याकडे द्या, मग रिव्ह्यू, मग मर्ज. पब्लिशचे हक्क सगळ्यात शेवटी, आणि ते मागायची त्यालाच फार घाई असेल तर अजून थोडं थांबा.