अमेरिकेहून आलेल्या ख्रिसमस ट्रीचे मधलेच दिवे बंद पडलेत. दुरुस्त होतील की ट्री टाकून द्यावा?

तुमचा ट्री भावाने अमेरिकेहून पाठवलेला, दिवे बसवूनच आलेला, स्टेपडाउनवर (आपल्या 230 व्होल्टचे 120 करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालणारा. यंदा मधला पट्टा काळोखात आहे आणि सांगलीतल्या इलेक्ट्रिशियनने टाकून द्यायला सांगितलं. टाकू नका. मी मिरजेत लाइटच्या माळा दुरुस्त करतो. मिशन हॉस्पिटलच्या आसपासच्या घरांतून डिसेंबरात असे ट्री येतात आणि बहुतेक वेळा दोष एखाद्याच दिव्यात निघतो.

तिकडच्या 100 दिव्यांच्या जुन्या माळेत 50-50 च्या दोन सिरीज, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या दिव्यांच्या रांगा असतात. 120 व्होल्ट 50 जणांत वाटले की एकेकाला जेमतेम अडीच मिळतात. एक सिरीज तुटली की तिचे 50 दिवे जातात, बाकीचे लागतात. सगळी माळ गेली असती तर प्लगचं छोटं झाकण सरकवून आतले फ्यूज बघा म्हटलं असतं. पट्टाच गेलाय, तेव्हा खांबाच्या दोन भागांमधला प्लग नीट बसलाय का बघा आणि मग दिव्यांकडे वळा.

प्लग काढा. एक दिवा उपसून उजेडासमोर धरा. काचेत फिलामेंटच्या खाली, दोन काड्यांना वेढे दिलेली बारीक तार दिसेल. फिलामेंट तुटलं की हीच तार करंट पुढे नेते. पण दिवा होल्डरमध्ये ढिला असेल किंवा पडलाच असेल, तर तिचा काही उपयोग नाही. म्हणून आधी प्रत्येक दिवा अंगठ्याने दाबून बसवा. मग बुडाशी बघा: केसासारख्या दोन तारा बाहेर येऊन दोन बाजूंना वर दुमडलेल्या असतात. एखादी तुटलेली किंवा आत वळलेली असते. वळलेली नखाने सरळ करा. होल्डरमधली पितळी पट्टी हिरवी पडली असेल तर सुईने खरवडा.

एवढ्यानेही नाही लागले, तर मल्टीमीटर (करंटची वाट तपासायचं यंत्र) बझरवर ठेवून एकेक दिवा तपासा. दिवा चांगला असेल तर बझर वाजतो, दोषी असेल तर गप्प राहतो. बदली दिवा त्याच ट्रीच्या मागच्या बाजूची एखादी माळ बळी देऊन काढा. आपल्याकडच्या माळेतला दिवा घालू नका, व्होल्टेज जुळेलच असं नाही.

गेलेला दिवा कापून वायरी पिळून जोडायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. मला ती अजिबात पटत नाही. पाच दिवे असे काढले की तेच 120 व्होल्ट 45 दिव्यांवर पडतात. उरलेले तापतात, लवकर जातात आणि उघडा पिळा प्लास्टिकच्या पानांना टेकून राहतो.

वायर कडक होऊन चिरली असेल किंवा उंदराने कुरतडली असेल, तर मात्र दुरुस्ती नको. क्लिपा सोडवून जुनी माळ कटरने तुकड्या-तुकड्यांत काढा, फांदीची तार तेवढी सांभाळा. सांगलीच्या गणपती पेठेत दिवाळीच्या शिलकीतल्या एलईडी माळा बघा, पिवळसर उजेडाच्या घ्या. बुंध्याशी प्लग ठेवून खालून वर गुंडाळत जा, प्रत्येक फांदीवर टोकापर्यंत नेऊन परत आणा. या माळा आपल्या 230 वरच चालतात, पण जुनी एखादी माळ ठेवलीत तर तिचा प्लग वेगळा ओळखू येईल अशी लाल टेप गुंडाळा. ती चुकून थेट भिंतीतल्या सॉकेटात गेली तर क्षणात जळेल.